भिंतीवरचा उजेड : कल्याणच्या कंदिलापासून आपल्या सभागृहापर्यंत

स्मरणिका समितीने मला सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा आर्थिक आढावा लिहायला सांगितला होता. आयुष्यभर बँकेत लेजर चाळलेल्या माणसाला दुसरे काय सांगणार? पण ताळेबंद दरवर्षी वार्षिक सभेच्या नोटिशीबरोबर आपल्या सगळ्यांच्या दारात पडतोच आणि तो किती जण वाचतात हेही मला ठाऊक आहे. म्हणून मी विषय बदलून घेतला.

रौप्यमहोत्सवी निधीतून सभागृहासाठी प्रोजेक्टर घ्यावा की नाही, आणि घ्यायचा तर कोणता, यावर गेले चार महिने जिन्यात, पार्किंगमध्ये आणि सकाळच्या फिरण्यात चर्चा चालू आहे. ज्येष्ठांना रविवारी जुने सिनेमे बघायचे आहेत. लेकरांना त्यावर गेम खेळायचे आहेत. तिसरा गट म्हणतो, घरोघरी ५५ इंची टीव्ही असताना हे खूळ कशाला, त्यापेक्षा पाण्याच्या टाकीचे वॉटरप्रूफिंग करा. तिन्ही बाजूंचे लोक माझ्याशी बोलले, कारण मी पूर्वी खजिनदार होतो आणि सगळ्यांना वाटते की माझे मत त्यांच्याच बाजूचे आहे. ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडला जाणार आहे. त्याआधी या यंत्राची थोडी जुनी गोष्ट सांगतो. भिंतीवर चित्र पाडण्याच्या या कामात आपली मराठी माणसे सव्वाशे वर्षांहून जुनी आहेत. त्यांना जे कळलेले होते, ते दुकानातल्या खोक्यावर छापलेले नसते.

सुरुवात कल्याणपासून करतो. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. शंबरासुर हा पुराणातला मायावी राक्षस, त्यावरून शांबरिक म्हणजे जादूची. खरोलिका म्हणजे कंदील. काचेच्या पट्ट्यांवर हाताने बारीक चित्रे रंगवायची, त्यामागे प्रखर दिवा ठेवायचा आणि पुढच्या भिंगातून ते चित्र पडद्यावर मोठे करायचे. काचा एकामागून एक अशा सरकवायच्या की पडद्यावरचे पात्र हालचाल करते आहे असे वाटावे. सोबत निवेदन आणि गाणी. रामायणातल्या कथा लोकांनी अशा पाहिल्या. पटवर्धनांची मुलेही या कामात होती. म्हणजे हा कौटुंबिक व्यवसायच म्हणायचा.

आता तारीख लक्षात घ्या. ल्यूमिए बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी, तिकीट एक रुपया. त्या वेळी कल्याणची खरोलिका चार वर्षांची झाली होती. सिनेमा साहेबाने आणला हे खरे, पण अंधारात बसून पांढऱ्या कापडाकडे टक लावून बघायची सवय आपल्याला आधीच लागली होती.

त्या काळच्या अशा कंदिलांत रॉकेलचा दिवा असे, नाहीतर चुन्याच्या कांडीवर वायूची ज्योत मारून तिचा पांढरा उजेड वापरत. आजच्या मानाने तो उजेड अगदीच किरकोळ. तरी चित्र दिसत होते, कारण बाकी सगळीकडे काळाकुट्ट अंधार होता. ही साधी गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे हिशोबात लागणार आहे.

सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, हे शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असते. तिथे न थांबता मी दादासाहेब फाळक्यांकडे येतो, कारण माझ्या मते मराठी घरातला पहिला 'होम थिएटर' त्यांचाच.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून फाळके झपाटले, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्यानंतर त्यांनी घरी काय केले ते कमी लोकांना माहीत असते. त्यांनी एक छोटे स्वस्तातले सिनेमायंत्र आणि थोडी रिळे विकत आणली. रात्री भिंगामागे मेणबत्ती लावून ते घराच्या भिंतीवर चित्रे पाडून बघत. रात्र रात्र. झोप नाही, डोळ्यांवर ताण, शेवटी काही काळ दिसेनासे झाले आणि डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. मेणबत्तीच्या उजेडात चित्र दिसायला किती अंधार लागत असेल आणि भिंतीला किती खेटून बसावे लागत असेल, याची कल्पना करा.

बँकवाल्याला त्यांच्या पुढच्या पायरीचे जास्त कौतुक वाटते. सिनेमा काढायला भांडवल हवे, आणि असल्या धंद्याला पैसा कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत रोप लावले, त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली आणि 'अंकुराची वाढ' नावाची इवलीशी फिल्म तयार केली. निवडक मंडळींना ती पडद्यावर दाखवली. महिन्याभरात होणारी वाढ मिनिटभरात डोळ्यांसमोर झालेली पाहून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. त्यात आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवली. मी आयुष्यात शेकडो कर्ज प्रस्ताव पाहिले. पाच एकर ऊस दाखवून आठ एकरांचे पीककर्ज मागणारेही पाहिले. पण प्रकल्प अहवाल भिंतीवर उगवून दाखवणारा अर्जदार माझ्या टेबलासमोर कधी आला नाही. आला असता तर मी शिफारस केली असती. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे घरात करत होत्या. त्यांचा उल्लेख केल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

मुंबई-पुण्याचे झाले. आपल्याकडे काय होते?

आपण निजामाच्या मुलखात. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. पण सिनेमाच्या धंद्यातला नकाशा त्या तारखांप्रमाणे बदलला नाही. चित्रपट वितरणाच्या भाषेत जुन्या हैदराबाद संस्थानाच्या भागाला 'निजाम' हेच नाव पुढे चालू राहिले. संस्थान जाऊन कैक वर्षे झाली तरी सिनेमाच्या वहीत आपण निजामाचेच. नांदेडला मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज होती. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी पोचली. मोंढ्यातल्या मालाबरोबर पार्सलच्या डब्यातून फिल्मच्या पत्र्याच्या पेट्याही यायच्या. पार्सल चुकले की त्या दिवशीचा खेळ रद्द, नाहीतर मागच्याच आठवड्याचा सिनेमा पुन्हा.

त्या पेट्या जड का असत, तेही सांगतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रे बसतात आणि सेकंदाला २४ चित्रे पडद्यावर जातात. म्हणजे हजार फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटांत संपते. तीन तासांच्या हिंदी सिनेमाला सोळा हजार फूट, म्हणजे जवळपास पाच किलोमीटर फिल्म. आजकालची लेकरे तो सगळा सिनेमा नखाएवढ्या कार्डात घालून खिशात ठेवतात, म्हणून मुद्दाम हिशोब दिला.

गावात थिएटर नव्हते. आमच्या वयाच्या बहुतेकांनी पहिला सिनेमा तंबूत पाहिला. माळेगावची खंडोबाची जत्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला भरते. घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार, वारू, तमाशे, आणि एका अंगाला सिनेमाचा तंबू. दिवसभर तंबू नुसता पडलेला असायचा. भोंग्यावर गाणी वाजत, पण खेळ दिवे लागणीनंतरच. मालकाला दिवसा धंदा नको होता असे नाही. कापडाच्या तंबूत दिवसा अंधार होत नाही, हे कारण. खाली माती, बसायला पोते नाहीतर घरून आणलेली घोंगडी. बायकांची बाजू दोर बांधून वेगळी केलेली. एकच प्रोजेक्टर असल्यामुळे रीळ संपले की दिवा लागायचा, मग लोक ओळखीच्यांना हाका मारायचे, शेंगा विकणारा फिरायचा, दिवा गेला की पुन्हा सिनेमा. मध्यंतर एक नसे, बरेच असत.

प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या दोन कांड्या असत. त्यांची टोके जवळ आणली की मध्ये वेल्डिंगसारखी ठिणगी पेटून राहायची, तोच दिवा. कांड्या जळून आखूड होत, अंतर वाढे, म्हणून ऑपरेटरला सारखे त्या पुढे सारत राहावे लागे. त्याला डुलकी लागली की हिरॉइनचा चेहरा पिवळा पडायचा आणि तंबूभर शिट्ट्या. त्या काळी मशीन चांगले की वाईट हे कोणी विचारत नसे. ऑपरेटर चांगला आहे का, एवढेच बघत. माझ्या मते आजही पहिला प्रश्न तोच असायला हवा.

या फिरत्या तंबूंवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट आहे. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून हिंडणारे हे सिनेमावाले, त्यांचे गंजलेले प्रोजेक्टर, ते दुरुस्त करणारा कारागीर आणि रीळ जाऊन डिजिटल आल्यावर झालेली त्यांची ओढाताण त्यात आहे. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. प्रोजेक्टर आलाच तर पहिल्या महिन्यात तो लावावा, अशी माझी सूचना आहे. आपल्यातल्या अनेकांना त्यात आपली जत्रा सापडेल.

तंबूशिवाय आणखी एक सोय होती, सरकारी गाडीची. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झाले. त्यांच्या फिल्म घेऊन गाड्या खेड्यांत येत. १६ मिलिमीटरचा छोटा प्रोजेक्टर, चावडीच्या भिंतीवर चादर, विषय कुटुंब नियोजन, देवीची लस, नाहीतर संकरित ज्वारी. लोक तेही तितक्याच आवडीने बघत. हलते चित्र असले की पुरे. पुढे गणपतीत हीच १६ मिलिमीटरची मशीन भाड्याने आणून रस्त्याच्या मधोमध पडदा बांधायची पद्धत पडली. पातळ कापडावर चित्र दोन्ही बाजूंनी दिसते. ज्यांना पुढे जागा मिळत नसे ते मागच्या बाजूला बसत. मागून नावे उलटी दिसायची आणि नायक डाव्या हाताने ठोसे मारायचा. सिनेमा तोच, मारही तोच, तक्रार कोणाची नव्हती.

१९७५ ला 'जय संतोषी माँ' आला तेव्हा लोक चपला थिएटरबाहेर काढून आत जात, हे तुम्ही ऐकले असेल. ती पडद्याची ताकद. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हिडिओ आला. एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्याने आणायच्या, गल्लीतल्या घरांनी वर्गणी काढायची. वीस इंची पेटीसमोर चाळीस माणसे. १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झाले आणि रविवारी सकाळी मोंढा ओस पडू लागला. इथे मोठा बदल झाला, असे मला वाटते. भिंतीवरचा उजेड पेटीत शिरला. आधी पेटी गल्लीची होती, मग घराची झाली, मग खोलीची, आणि आता ज्याच्या त्याच्या तळहाताची. आपल्या सोसायटीतही हेच घडले. सुरुवातीच्या वर्षांत वर्ल्डकपचे सामने सभागृहात एकच टीव्ही लावून बघितले जात. आता एकाच मजल्यावरच्या चार घरांतून एकाच सिक्सरचा ओरडा चार वेगवेगळ्या क्षणी ऐकू येतो, कारण कोणाचे केबल, कोणाचे मोबाईल.

प्रोजेक्टर मात्र या काळात ऑफिसात जाऊन बसला होता. बँकेच्या ट्रेनिंगला आम्ही आधी ओव्हरहेड प्रोजेक्टर पाहिला. पारदर्शक प्लास्टिकवर स्केचपेनने लिहायचे आणि एनपीएचे नियम भिंतीवर. मग लॅपटॉपला जोडायचा एलसीडी प्रोजेक्टर आला. पण मूळ तत्त्व पटवर्धनांच्याच कंदिलाचे : दिवा, चित्र आणि भिंग. फक्त काचेच्या पट्टीची जागा दुसऱ्या वस्तूने घेतली. एलसीडी प्रकारात लाल, हिरवा आणि निळा अशा तीन छोट्या पडद्यांतून उजेड जातो. डीएलपी प्रकारात एका चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात आणि प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा कलतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये ही चिप तयार केली. 'फुल एचडी' म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर ठिपके. २००५ नंतर थिएटरांतही रिळे जाऊन डिजिटल आले आणि पार्सलची पेटी इतिहासजमा झाली.

आता आपल्या सभागृहाकडे येतो.

मुलांनी मला ऑनलाइन एक यंत्र दाखवले, स्वस्त, वर '९००० लुमेन' आणि '४के' असे ठळक लिहिलेले. लुमेन म्हणजे उजेडाचे माप. त्याच्या आधी 'अन्सी' किंवा 'आयएसओ' असा शब्द नसेल तर त्या आकड्याला तारण नसलेल्या कर्जाइतकीच किंमत द्यावी. '४के सपोर्ट' म्हणजे यंत्र ४के सिनेमा आत घेते; भिंतीवर बाहेर किती पडते ते वेगळ्या ओळीत बारीक अक्षरांत असते. तिथे 'नेटिव्ह १२८० बाय ७२०' असले लिहिलेले सापडते. तीच ओळ वाचायची.

खरी गरज किती, याचा हिशोब मी कागदावर केला. १२० इंची पडदा म्हणजे रुंदी पावणेनऊ फूट, उंची जवळपास पाच फूट, क्षेत्रफळ सुमारे ४३ चौरस फूट. चांगल्या थिएटरात पडद्यावर चौरस फुटाला १६ लुमेन उजेड धरतात. ४३ गुणिले १६, म्हणजे सातशेसुद्धा होत नाहीत! म्हणजे पूर्ण अंधारात सातशे खरे लुमेन पुरतात. पण आपल्या सभागृहाला पश्चिमेकडे चार खिडक्या आहेत आणि दुपारी चारला तिथे पेपर वाचता येतो. कोणतेही यंत्र काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावर काळा म्हणून जे दिसते तो नुसता उजेड न पडलेला पडदा असतो. खोलीत उजेड असला की नायिकेचे केस राखाडी आणि रात्रीचा सीन धुरकट. म्हणून निधीतला पहिला खर्च चार खिडक्यांच्या जाड दुपदरी पडद्यांवर व्हावा, प्रोजेक्टरवर नंतर. माळेगावच्या तंबूवाल्याला हे शिकवावे लागले नव्हते. रंग नीट दाखवणाऱ्या 'सिनेमा' मोडमध्ये उजेड बराच कमी होतो आणि वर्षांगणिक आणखी घटतो. हे सगळे धरून अडीच ते तीन हजार अन्सी लुमेनचे यंत्र भरपूर झाले.

दिव्याचा की लेझरचा, हा दुसरा वाद. दिवा चार-पाच हजार तास चालतो, लेझर वीस हजार तास, म्हणून महाग असला तरी लेझर घ्या, असे दुकानदार म्हणाला. आपण आठवड्याला आठ तास वापर धरला तर वर्षाचे ४१६ तास. चार हजार तासांचा दिवासुद्धा साडेनऊ वर्षे जाईल. लेझर अठ्ठेचाळीस वर्षे जाईल, तोवर आपली इमारत पुनर्विकासाला गेलेली असेल. लेझरचा खरा फायदा वेगळा आहे. लाइट गेली आणि परत आली तर तो लगेच चालू होतो. दिव्याच्या यंत्राला बंद झाल्यावर आतला पंखा थोडा वेळ फिरून थंड व्हावे लागते, तेवढ्यात वीज गेली तर दिव्याचे आयुष्य घटते. आपल्याकडे विजेचा काही भरवसा नाही, त्यामुळे दिव्याचे घेतले तर छोटा यूपीएस हवाच. धूळही आपल्याकडे कमी नाही. ज्या यंत्राला फिल्टर आहे त्याचा फिल्टर महिन्याला साफ करायचा. बहुतेक यंत्रे ३५ ते ४० अंश तापमानापर्यंतच चालवायची असतात, तेव्हा मे महिन्यात दुपारचा खेळ ठेवूच नका.

अंतर मोजताना मी आणि इलेक्ट्रिशियन दोघे टेप घेऊन उभे राहिलो. 'थ्रो रेशो' म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट लांब यंत्र ठेवायचे तो आकडा. तो दीड असेल तर पावणेनऊ फुटी चित्राला यंत्र तेरा फुटांवर टांगावे लागते. पण पडद्याच्या भिंतीपासून नऊ फुटांवर आपला पहिला पंखा आहे, म्हणजे प्रत्येक सिनेमात पात्यांची सावली. शॉर्ट थ्रोचे यंत्र सहा फुटांवर, पंख्याच्या पुढे बसते. पण ते महाग आणि पडदा ताणून सपाट नसला तर चित्रात लाटा येतात. पंखा हलवणे स्वस्त पडेल. काही जण म्हणाले, यंत्र एका कोपऱ्यात ठेवू, 'कीस्टोन' दाबले की तिरके चित्र सरळ होते. होते, पण ते चित्राचे ठिपके कापून सरळ केलेले असते. मध्यभागी टांगलेले बरे.

या कीस्टोनचा मुलांच्या गेमशीही संबंध आहे, आणि हा भाग ज्येष्ठांनी जरूर वाचावा. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत जो वेळ जातो त्याला 'इनपुट लॅग' म्हणतात. चेक टाकला आणि खात्यात जमा व्हायला दिवस गेले, तसे. सिनेमाला त्याने काही बिघडत नाही, कारण चित्र आणि आवाज दोन्ही सारखेच उशिरा येतात. फक्त ब्लूटूथ स्पीकर लावला तर आवाज मागे पडतो आणि ओठ आधी हलतात, म्हणून स्पीकर वायरचाच घ्या. गेममध्ये मात्र चेंडू येऊन स्टंप उडाल्यावर बॅट फिरते. सेकंदाला ६० चित्रे असली तर एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचे. ५० मिलिसेकंद लॅग म्हणजे मुलगा तीन चित्रे मागे खेळतो आहे. 'गेम मोड' असलेल्या चांगल्या यंत्रात हा आकडा २० च्या आसपास येतो, पण कीस्टोन चालू ठेवले तर बऱ्याच यंत्रांत तो वाढतो. तेव्हा ज्येष्ठांच्या सिनेमासाठी आणि मुलांच्या खेळासाठी वेगवेगळी यंत्रे लागत नाहीत. नीट टांगलेले, गेम मोड असलेले एकच यंत्र दोघांना पुरते.

मुलांना बाहेर ठेवून नुसता ज्येष्ठांचा सिनेमा करावा, असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे आहे. मला ते मान्य नाही. तंबूला ऑपरेटर लागत असे, तसा आपल्यालाही लागणार. वायर कुठे लावायची, फाइल का उघडत नाही, मराठी उपशीर्षके कशी आणायची, हे आमच्यापैकी कोणाला जमते? आणि आपले सभागृह वर्षात किती दिवस उघडते ते मी चावीच्या रजिस्टरमध्ये बघितले. मागच्या वर्षी गणपती, हळदी-कुंकू, दोन सभा आणि एक शोकसभा. निम्म्या घरांतली मुले पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशात आहेत. काही घरांत एकच माणूस राहते, आणि ते माणूस संध्याकाळी खाली येत नाही, कारण खाली काही नसते. वॉटरप्रूफिंग करावेच लागेल, पण ते दुरुस्ती निधीतून. त्यासाठी वेगळा निधी आहे आणि तो पुरेसा आहे, हे मी आकडे बघून सांगतो. गुत्तेदाराचे अंदाजपत्रकही कार्यालयात ठेवले आहे, ज्यांना शंका आहे त्यांनी बघावे.

माझा प्रस्ताव असा. रविवारी संध्याकाळी सिनेमा, शनिवारी दुपारनंतर मुलांचा खेळ, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या महिन्यात खेळ बंद, रात्री दहानंतर आवाज बंद. यंत्र चालवायची जबाबदारी नववीच्या पुढच्या मुला-मुलींपैकी दोघांकडे, दर तीन महिन्यांनी पाळी बदलायची. तासांची नोंद वहीत. चावी वॉचमनकडे, रिमोट कार्यालयात. खरेदीआधी तीन दुकानांची कोटेशन घ्यावीत आणि यंत्र आपल्या सभागृहात आणून संध्याकाळी पाच वाजता लावून दाखवायला सांगावे. दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत सगळीच यंत्रे छान दिसतात.

एक गोष्ट मात्र मी एकट्याने ठरवू शकत नाही. पडद्यासाठी सभागृहात एकच मोकळी भिंत आहे, आणि ती खरे म्हणजे मोकळी नाही. तिथे संस्थापक सभासदांचे अकरा फोटो लावलेले आहेत. त्यांतले सात जण आता नाहीत. त्यांनी प्लॉट मिळवण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, पहिला मजला होईपर्यंत बोअरचे पाणी स्वतः वाहिले. फोटोंवर पडदा खाली येणार असेल तर त्यांच्या घरच्यांना काय वाटेल, हे मी विचारून बघितले. चार घरांनी होकार दिला, दोघींनी विचार करून सांगतो म्हटले, एका घरचा फोन परदेशात लागला नाही. माझी सूचना अशी की फोटो तळमजल्याच्या जिन्याजवळच्या भिंतीवर हलवावेत, जिथे येता-जाता सर्वांना दिसतील आणि दिवसाचा उजेडही असेल. सभेच्या नोटिशीत हा विषय वेगळा घातला आहे. त्या सात घरांपैकी कोणाची हरकत असेल तर सभेत उभे राहून बोलायचीही गरज नाही, माझ्या दाराची बेल वाजवली तरी चालेल.